कुडाळच्या लग्नाला निघताना: घरच्या ग्रुपसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. तिकिटं मांडवी एक्सप्रेसची आहेत, डबा एकच. ओळखपत्र सोबत ठेवा.

जागा मुद्दाम अशा वाटल्यात की प्रत्येक आजी-आजोबांशेजारी दोन पोरं बसतील. 'आम्ही भावंडं एकत्रच बसणार' हा हट्ट चालणार नाही; मांडवात रात्रभर दंगा घालायचाच आहे. खिडकी मोठ्या काकांची. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी हीच मंडळी मांडीवर पोर आणि पायाशी फणस घेऊन रात्रभर एसटीने गावी जायची. ते किस्से त्यांच्याकडूनच ऐका. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे रेंज जाते. विचारायला तेवढा वेळ पुरे!

आत्ते पहाटे उठून सगळ्यांसाठी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी करून आणणार आहे. 'कशाला एवढं केलंस' म्हणू नका, तिला राग येतो. पोटभर खा, आणि डबे घासूनच परत द्या. (मागच्या वेळची तीन झाकणं अजून कुणाकडे तरी आहेत.)

धाकट्या काकीकडे सर्वांच्या गोळ्यांची पिशवी असते, हे आपण गृहीतच धरतो. या वेळी आपापल्या गोळ्या स्वतः सांभाळा, तिलाही जरा बाहेर बघू दे.

कुडाळला गाडी फार थांबत नाही. कणकवली गेली की सामान दाराशी आणा. आहेराच्या साड्यांची बॅग थोरल्या भाच्याकडे. स्टेशनवर नवरीचे मामा गाड्या घेऊन येतील. पहिल्या गाडीत फक्त ज्येष्ठ मंडळी.