मटक्याच्या रुपयाचा हिशेब

संपादक महोदय,

मटक्याच्या अड्ड्यांवरील धाडींच्या बातम्या नेहमी छापून येतात. पण आकडा लावणाऱ्याला रुपयामागे सरासरी किती परत मिळते, हे त्यांत नसते. गणित अवघड नाही : जिंकण्याच्या शक्यतेला मिळणाऱ्या रकमेने गुणायचे. ओपनचा, म्हणजे पहिल्या सोडतीचा, आकडा दहांतला एक. दर एकाला नऊ, म्हणजे परतावा नव्वद पैसे. जोडी, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या सोडतीचे आकडे मिळून, शंभरांतली एक, दर नव्वद. पुन्हा नव्वद पैसेच.

खरी फसगत पान्यात, म्हणजे क्रम न पाहता धरलेल्या तीन अंकांच्या गटात, होते. एकूण पाने २२०, म्हणून सर्वांची शक्यता सारखी वाटते. ती नसते. २-५-८ हे अंक सहा क्रमांनी येऊ शकतात, २-२-५ तीन क्रमांनी आणि ५-५-५ एकाच. म्हणजे हजारात अनुक्रमे ६, ३ व १. दर १४०, २८० आणि ६०० धरले, तर परतावा ८४, ८४ आणि अवघे ६० पैसे! ज्या बक्षिसाची भुरळ सर्वांत मोठी, तिथेच तोटा सर्वांत जास्त.

हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याचा सल्ला तर घातकच. १० रुपयांपासून सुरुवात केली आणि सात डाव हुकले, की १,२७० रुपये गेले; एकेक आकडा लावून सातही डाव हुकण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के आहे. ‘बरेच दिवस न आलेला’ आकडाही दहांतला एकच राहतो.

हा हिशेब सोडत प्रामाणिक असेल तरच लागू. सर्वांत कमी पैसे लागलेला आकडा पाहून काढला जात असेल, तर नव्वद पैसेही हाती येत नाहीत.

– एक गणित शिक्षक, मुंबई