बिनव्याजी कर्ज हेही दानच

महोदय,

स्थलांतरितांच्या मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा अन्नछत्र आणि कपडेवाटपापाशीच थांबते, म्हणून एक जुने उदाहरण मांडावेसे वाटते. न्यूयॉर्कमधील ज्यू स्थलांतरितांनी १८९२ मध्ये अवघ्या ९५ डॉलरच्या भांडवलावर ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ स्थापन केली. फेरीवाल्याला माल भरता यावा किंवा कारागिराला हत्यारे घेता यावीत, यासाठी ती छोटी कर्जे बिनव्याजी देई. जामीनदार मात्र लागे आणि परत आलेली रक्कम पुढच्या गरजूकडे जाई. गरजूला कर्ज, भागीदारी वा काम देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे हे दानाचे सर्वोच्च रूप होय, असे बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्री मायमोनिदीस यांनी सांगून ठेवले होते. विशेष म्हणजे ही संस्था कर्जदाराचा धर्म पाहत नाही. जामिनाची अट नवख्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाला जाचकच होत असणार, हेही खरे.

ससून या ज्यू घराण्याच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या मुंबई-पुण्यातील इमारती सर्वांना ठाऊक आहेत, कारण इमारतीवर नावाची पाटी लागते; फिरत्या निधीला ती लावणार कुठे? नाझी जर्मनीतून आलेल्या निर्वासितांसाठी १९३४ मध्ये मुंबईत उभी राहिलेली ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ त्यामुळेच विस्मरणात गेली असावी. तिच्या कार्याविषयी आपल्या पुरवणीत सविस्तर लेख वाचायला मिळावा, ही विनंती.

– एक वाचक, अलिबाग