सिन्नरच्या माळावरची वेडी बाभूळ आणि ट्रॅक्टरचा पंजा

फ्रेडरिक्सबर्ग, टेक्सास

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा दादाने फोनवर सांगितले की, सिन्नरकडच्या माळावरचे पडीक रान यंदा साफ करून वहितीखाली आणायचे तुम्ही ठरवले आहे आणि त्यासाठी जेसीबीवाल्याशी तासाच्या भावाने बोलणेही झाले आहे. इतकी वर्षे पडून राहिलेले ते रान पुन्हा पिकाखाली येणार, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र बकेट लावून ते रान सरसकट खरवडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिचे कारण फोनवर घाईघाईत सांगता येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

त्या माळावर माती किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. वीतभर खाली गेले की मुरूम लागतो आणि त्याखाली कातळ. बकेटची सलग पाती झुडपाखाली घातली की झुडपाबरोबर वरचा मातीचा थरही पुढे ढकलला जातो आणि काडी-कचरा, मुळे व माती यांचा एकच ढीग बांधाशी जाऊन पडतो. रान वरून स्वच्छ दिसते, पण ज्या मातीसाठी ते साफ करायचे ती मातीच बांधाला जाऊन बसते. पुढे गाळ आणून टाकायचा म्हटले तर त्याचा खर्च साफसफाईपेक्षा जास्त होतो, आणि गाळ टाकूनही मूळच्या मातीचा कस लगेच येत नाही.

मी ज्या द्राक्षबागेवर काम करतो तिथली जमीनही अशीच उथळ आहे. फरक इतकाच की, खाली आपल्यासारखा काळा पाषाण नसून चुनखडीचा दगड आहे. त्यामुळे येथे झुडपे काढण्यासाठी ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला (ओझे उचलणाऱ्या हातांना) बकेटऐवजी ग्रॅपल लावतात. ऊस भरणाऱ्या यंत्राचा पंजा तुम्ही पाहिला आहे, त्याच जातीचे हे अवजार आहे. खालच्या बाजूला जाड पोलादाचे वाकडे दाते असतात, दोन दात्यांमध्ये मोकळी फट असते, आणि वरून हायड्रॉलिक सिलिंडरवर चालणारा जबडा येऊन झुडूप घट्ट धरतो. चांगल्या ग्रॅपलला वरचे जबडे दोन असतात व प्रत्येकाला स्वतंत्र सिलिंडर असतो. त्यामुळे एका बाजूला जाड बुंधा आणि दुसऱ्या बाजूला बारीक फांद्या असल्या तरी दोन्ही सारख्याच आवळून धरल्या जातात. बकेटमधून जी माती वाहून गेली असती ती दात्यांच्या फटींतून खाली गळते आणि रानातच राहते. मला या अवजाराचे मोल वाटते ते मुख्यतः एवढ्याचसाठी.

आता वेड्या बाभळीविषयी. टेक्सासमध्ये मेस्किट नावाचे काटेरी झाड रानोमाळ पसरलेले आहे. ते आणि आपली वेडी बाभूळ एकाच वंशातील झाडे असून दोघांचा स्वभावही एकच आहे. बुंधा जमिनीलगत कापला की झाड मरत नाही. जमिनीखाली साधारण फूटभरापर्यंत खोडावर सुप्त डोळे (न फुटलेले कोंब) असतात, त्यांतून एका खोडाच्या जागी पाच-सात खोडे फुटतात आणि पूर्वीपेक्षा दाट जाळी तयार होते. याच भागात जुनिपर या सदाहरित झाडाची एक जात आहे, ती जमिनीलगत कापली की पुन्हा फुटत नाही, त्यामुळे तिथे करवतीने भागते. मेस्किटचा मात्र मुळाचा गड्डाच वर काढावा लागतो. आपल्या माळावर मजूर लावून कोयत्याने बाभूळ तोडली, तरी दर वेळी पावसाळ्यानंतर ती पुन्हा उभी राहिली, याचे कारण हेच आहे.

गड्डा काढण्याची रीत मी येथे रोज पाहतो आणि स्वतःही करतो. ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये ठेवून, दाते थोडे खाली झुकवून, झुडपाच्या बुडाशी हळूहळू जातात. दाते चार-सहा इंच जमिनीत शिरले की लोडर किंचित उचलत पंजा मागे वळवतात. बाजूची मुळे एकेक करून कडकड तुटतात, मग मधला गड्डा सैल होतो, आणि त्यानंतरच वरचा जबडा मिटतात. झुडूप वीतभर उचलून तिथल्या तिथे दोन-तीनदा हलवले की मुळांना धरलेली माती भुरभुर खाली पडते आणि खड्डा बऱ्याच अंशी आपोआप भरून निघतो. मनगटाएवढ्या जाडीची झाडे अशी सहज निघतात. त्याहून मोठी असतील तर ती बुडाशी न कापता कमरेएवढा बुंधा ठेवून वरचा भाग उतरवावा, कारण तेवढा बुंधा असला तरच पंज्याला धरायला जागा मिळते. जमिनीबरोबर कापलेला बुंधा पंज्याला दाद देत नाही. फार मोठ्या झाडांसाठी जेसीबीचा मागचा खोदणारा हात जरूर वापरावा, पण तेवढ्याच झाडांपुरता.

हे सारे काम वाफशावर, म्हणजे जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी करावे. जमीन वाळून कडक झाली असेल तर झाड गड्ड्याच्या वरच मोडते आणि सुप्त डोळे खाली राहून जातात. ओली असेल तर माती मुळांना चिकटून येते व चाकांखाली रान दाबले जाते. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस उघडल्यावर जो वाफसा येतो, तोच आपल्याकडे योग्य काळ होय. बाभळीच्या शेंगा पिकून गळण्याआधी काम उरकले तर फारच उत्तम. गुरे-शेळ्या त्या गोड शेंगा आवडीने खातात, कठीण बी त्यांच्या पोटातून तसेच बाहेर पडते आणि शेणाबरोबर जिथे पडेल तिथे नवे झाड येते. तेव्हा उपटलेल्या फांद्यांच्या ढिगावर जनावरे सोडू नका.

दादाचा ट्रॅक्टर यासाठी चालेल का, हा पुढचा प्रश्न आहे. साध्या लोडरला दोन हालचाली असतात, उचलणे आणि बकेट वळवणे. पंजा मिटण्यासाठी तिसरी हायड्रॉलिक लाइन पुढपर्यंत न्यावी लागते. पंज्याचे स्वतःचे वजन लोडरच्या क्षमतेतून वजा होते, हे अनेक जण विसरतात. लोडर सहाशे किलो उचलत असेल आणि पंजा दोनशे किलोचा असेल, तर हाती चारशेच उरतात, आणि झुडपाचा भार पुढे लांबवर असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मागे रोटाव्हेटर किंवा काँक्रीटचा ठोकळा जोडल्याशिवाय हे काम मुळीच करू नये. नाही तर मागची चाके हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या आसावर येतो. चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर मिळाला तर तोच घ्यावा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत किंवा पिंपळगाव बसवंतला अवजारे बनवणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून पंजा बनवून घेता येईल. पण पोलाद जाड असावे आणि सिलिंडरच्या नळ्या फांद्यांत अडकणार नाहीत अशा आतल्या बाजूने नेलेल्या असाव्यात.

आबा, सुरक्षिततेबाबत दादाला माझ्यातर्फे बजावून सांगा. ओझे नेहमी जमिनीजवळ ठेवूनच न्यावे. उंच उचललेले लाकूड लोडरच्या हातांवरून मागे घरंगळून थेट चालकाच्या अंगावर येऊ शकते. उतारावर आडवे न जाता सरळ वर किंवा सरळ खाली जावे. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी कमान) नाही, म्हणून नाल्याकडच्या उताराचे काम त्याने करूच नये. दाते जमिनीत असताना स्टिअरिंग वळवू नये, त्याने लोडरचे हात पिळवटतात. रेडिएटरच्या जाळीत पाला बसून इंजिन तापते, तेव्हा जाळी वरचेवर झाडावी. ट्रॅक्टरच्या पोटाखाली पत्रा लावून घ्यावा, कारण वर उभी राहिलेली एखादी खुंटी ऑइल फिल्टर फोडायला पुरेशी असते. बाभळीचा काटा टायरमध्ये किती खोल जातो, हे तर दादाला ठाऊकच आहे.

यंत्र रानात घालण्यापूर्वी तुम्ही स्वतः एकदा दादाला घेऊन फिरून या. हद्दीचे दगड, विहिरीवरून गेलेली आपली आणि शेजाऱ्यांची पाइपलाइन, मोटारीची केबल यांवर चुन्याच्या खुणा करा. बोर, हिवर, पळस, कडुनिंब आणि आपली गावरान बाभूळ यांना लाल फडके बांधा. ती झाडे राहिलीच पाहिजेत, त्यांच्यावर पाखरे आहेत आणि त्यांची सावलीही आपल्याला लागणार आहे. आंबा, जांभूळ, मोह, खैर यांसारखी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येतात. तसे एखादे झाड काढणे भागच असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागेल.

काढलेले झाड रानातच जाळून टाकू नये, असे माझे मत आहे. जाड लाकूड सरपणाला आणि कोळशाला उत्तम जाते. येथे बारीक फांद्या उताराला आडव्या, समतल रेषेत रचून ठेवतात. पावसाच्या पाण्याबरोबर वाहणारी माती त्यांच्यामागे अडते आणि तिथे गवत धरते. माळाच्या वरच्या अंगाला आपणही तसे करावे. मोठे दगडही याच पंज्याने वेचून बांधावर नेता येतात, माती खाली गळून पडते.

घराजवळची जुनी थॉमसन द्राक्षांची बाग पुढच्या वर्षी काढायची झाली, तर खोडे ओढायलाही हाच पंजा उपयोगी पडेल. मात्र आधी तारा व ठिबकच्या नळ्या पूर्ण काढून गुंडाळून ठेवाव्यात, कारण तार आसाभोवती गुंडाळली गेली की सील फाटतात.

दादाला सांगून ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचे, हायड्रॉलिकच्या जोडण्यांचे आणि मॉडेल लिहिलेल्या कंपनीच्या पाटीचे फोटो मला पाठवायला लावा. लोडर बसेल का आणि पंजा किती रुंदीचा घ्यावा, हे येथील मेकॅनिकला दाखवून मी लगेच कळवतो. तोपर्यंत जेसीबीवाल्याला इसार देऊ नये, दिलाच असेल तर फक्त मोठ्या झाडांचे काम त्याच्याकडे ठेवावे.

आईस व काकूंस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. आईच्या गुडघ्यांविषयी पुढच्या पत्रात सविस्तर लिहावे.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा