रौप्यमहोत्सवी पदकावर त्या जोडप्याचे काही असावे

महोदय,

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला चांदीचे नाणे किंवा पदक देण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. मात्र सराफांकडे तयार मिळणाऱ्या बहुतेक नाण्यांवर लक्ष्मी-गणपतीची ठरलेली छाप असते, त्यामुळे नाणे लग्नाच्या वाढदिवसाचे की दिवाळीचे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. देवतांना माझा आक्षेप मुळीच नाही. मागच्या बाजूवर तरी त्या दोघांच्या संसाराची खूण असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांच्या विवाहाला १९७२ मध्ये पंचवीस वर्षे झाली, तेव्हा ब्रिटनने काढलेल्या ‘क्राउन’ या मोठ्या आकाराच्या नाण्यावर किंमतच छापलेली नव्हती, म्हणून ते पदकासारखेच दिसते. शिल्पकार आर्नल्ड मेचिन यांनी त्याच्या मागील बाजूस पानाफुलांवर ‘ई’ आणि ‘पी’ ही आद्याक्षरे, मध्यभागी प्रेमदेवता इरॉस आणि वर राजमुकुट अशी रचना केली. ती देखणी आहे, पण इरॉस कोणत्याही जोडप्याला शोभला असता. मला १९९७ चे सुवर्णमहोत्सवी नाणे अधिक मोलाचे वाटते. त्यावर एका मुकुटाखाली दोघांच्या राजचिन्हांच्या दोन ढाली आहेत आणि खाली जहाजाचा छोटा नांगर आहे. फिलिप हे नौदलातले; १९४१ च्या मटापानच्या लढाईत ‘व्हॅलियंट’ युद्धनौकेवरील सर्चलाइट त्यांच्या ताब्यात होते, आणि पुढे पत्नीवर राज्याचा भार आल्याने त्यांची ही आवडती कारकीर्द कायमची मागे पडली. हे ठाऊक असलेल्याला, या संसारासाठी कोणी काय सोडले, ते त्या नांगरात दिसते.

त्यासाठी राजघराणेच हवे असे नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत हॉलंडमधील सुखवस्तू कुटुंबे विवाहाच्या रौप्यमहोत्सवाला पदके काढत. हातात हात ही रोमन काळापासूनची विवाहखूण त्यांवर असे, जी पाणिग्रहण पाहिलेल्या आपल्या माणसाला सांगावी लागणार नाही. आणि काही पदकांची एक बाजू नावे व तारखा कोरण्यासाठी मोकळी ठेवलेली असे.

आपल्या सराफांनीही एक बाजू कोरी असलेली नाणी ठेवावीत. शिक्षिकेसाठी पाटी, विणकरासाठी धोटा, एसटी चालकासाठी स्टिअरिंग अशी साधी रेखाकृती त्यावर कोरून घेता येईल, आणि त्याची वेगळी मजुरी मुले आनंदाने देतील.

– एक नाणेसंग्राहक, सातारा