खोकला धुळीचाच कशावरून?

संपादक साहेब, नमस्कार.

घोडबंदर रोडला कुणालाही विचारा, खोकला का जात नाही, उत्तर ठरलेलं, मेट्रोच्या कामाची धूळ. धूळ आहेच हो, पण दोन-तीन आठवडे कोरडा खोकला, बारीक ताप, अंगात त्राण नाही आणि घरात एकाचं संपत आलं की दुसऱ्याचं सुरू, हे नुसत्या धुळीने होत नाही. यामागे मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए नावाचा बॅक्टेरिया असू शकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायलाच याला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे कुणाकडून आला ते कळतच नाही.

आणि आपण काय करतो तर सरळ मेडिकलमध्ये जाऊन अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप आणतो, चिठ्ठी कुणी मागत नाही, फरक पडला नाही की त्याहून भारी म्हणून सेफिक्झिम. आता ही सगळी औषधं जंतूला त्याच्या पेशीची भिंत नीट बांधू देत नाहीत म्हणून तो मरतो, आणि मायकोप्लाझ्माला ती भिंत मुळात नसतेच, बाहेरून नुसता पातळ पडदा. मग गोळ्या खाऊन पोट बिघडतं ते आपलं! अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन चालतात कारण ती जंतूचं प्रोटीन बनणं अडवतात. पण म्हणून उद्या सगळे अ‍ॅझिथ्रो मागत सुटू नका, चीन-जपानमध्ये त्यालाही न जुमानणारे मायकोप्लाझ्मा भरपूर झालेत, आणि खोकला व्हायरसचा असेल तर यातलं एकही कामाचं नाही. डॉक्टरला ठरवू द्या.

१९४४ मध्ये इटन नावाच्या अमेरिकन संशोधकाला हा जंतू सापडला तेव्हा तो बारीक फिल्टरमधूनही आरपार गेला म्हणून लोक कित्येक वर्षं याला व्हायरसच समजत होते, बॅक्टेरिया आहे हे १९६२ च्या सुमारास नक्की झालं. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात चीनमधली मुलं आजारी पडली तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत काय, तर ‘गूढ न्यूमोनिया’! त्यात हा होता, गूढ कसलं.



पीसीआर या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टने हा पकडता येतो, पण प्रायव्हेट लॅबचं बिल सगळ्यांना झेपत नाही. निदान अ‍ॅडमिट झालेल्या मुलांची ही टेस्ट पालिकेच्या हॉस्पिटलात फुकट व्हावी, आणि लाल रेघ छापलेल्या स्ट्रिप चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या मेडिकलवाल्यांकडे एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) एकदा चक्कर मारावी.

– एक वाचक, कासारवडवली, ठाणे