इन्सब्रुकची कमाई

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकसारख्या डोंगरी शहराला राजधानीचा थाट कशाच्या बळावर आला, असे तू विचारले होतेस. तू मालवाहतुकीतला माणूस, म्हणून मुळापासून लिहितो. आंडेक्सच्या सरदारांनी इन नदीवर पूल बांधला आणि 1180 मध्ये विल्टनच्या मठाकडून दक्षिण काठची जमीन घेऊन तिथे पेठ वसवली. शहराच्या दक्षिणेची ब्रेनर ही आल्प्सच्या मोठ्या खिंडींमध्ये सखल, सुमारे 1370 मीटर उंचीची. त्यामुळे व्हेनिस आणि जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमधला माल याच वाटेने जाई आणि जकात, गोदामे व खानावळी यांवर शहर पोसले जाई.

1420 मध्ये टिरोल प्रांताचे राजपीठ मेरानहून इथे आले. सम्राट मॅक्सिमिलियनच्या काळी शेजारच्या श्वाझची चांदी आणि हाल गावचे मीठ यांनी खजिना भरत होता. त्याच्या सज्जाच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे 2657 पत्रे आजही झळकतात. पण ती चांदी खाणीतून निघण्याआधीच फुगर सावकारांकडे गहाण पडत होती. 1518 मध्ये उधारी थकल्यामुळे इथल्या खानावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला थारा दिला नाही, असे सांगतात. दरबारी चर्चमध्ये ब्राँझचे 28 भव्य पुतळे त्याच्या थडग्याभोवती उभे आहेत, आणि थडगे मात्र रिकामे आहे. त्याचा देह व्हिएनर नॉयस्टाटला आहे.

1665 मध्ये टिरोलची राजशाखा खुंटली आणि दरबार गेला. चारच वर्षांनी हालच्या मिठावर कर बसवून इथे विद्यापीठ उभारले गेले, आणि या शहराने केलेला सर्वांत शहाणपणाचा खर्च मी हाच मानतो, कारण आज सव्वा लाखाहून थोड्या अधिक वस्तीच्या या शहराचे बरेचसे अर्थकारण विद्यार्थ्यांवर चालते. 1867 मध्ये ब्रेनरवरून रेल्वे धावली. 1919 च्या तहाने दक्षिण टिरोल इटलीकडे गेला आणि जुन्या व्यापारी वाटेवर सरहद्द आली. 1964 आणि 1976 च्या हिवाळी ऑलिंपिकने पर्यटन स्थिरावले.

आता ब्रेनरवरून वर्षाला वीस लाखांहून अधिक ट्रक जातात. त्यांचा धूर आणि आवाज खोऱ्यातल्या लोकांना सोसावा लागतो, पण कमाई बहुतेक पुढे निघून जाते. म्हणून खिंडीखाली 55 किलोमीटरचा रेल्वे बोगदा खोदला जात आहे. तो झाल्यावर ट्रकवरचा माल रेल्वेवर आलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कोकण रेल्वेवर ट्रक वाघिणींवर चढवून नेतात, तशी सेवा इथेही चालत आली आहे. ट्रकमालकाला ती नेमकी कधी परवडते, हे तुझ्या अनुभवातून सविस्तर कळव.

तुझा,
विनायक