पत्रा घेताना जस्ताचे ग्रॅम विचारा

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतील गृहनिर्माण संस्थांमध्ये गच्चीवरील शेडची कोटेशने फिरू लागतात आणि सभेत वाद रंगतो तो पत्र्याच्या रंगावर, फार तर गेजवर, म्हणजे जाडीवर. वर्सोव्यातील आमच्या इमारतीत सात वर्षांपूर्वी हेच झाले. परवा ते पत्रे उतरवले, तेव्हा वरचा निळा रंग जवळजवळ शाबूत होता. उलटे करून पाहिले, तर स्क्रूभोवती बोट आरपार जाईल एवढी भोके पडली होती.

अशा लोखंडी पत्र्यावर रंगाखाली जस्ताचा पातळ मुलामा असतो. हे जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखते, लहानशा ओरखड्यापाशीसुद्धा. म्हणून ते किती आहे याला महत्त्व. हा मुलामा दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा मोजतात. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूस जेमतेम २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त येते, १२० ग्रॅमच्या पत्र्यावर आठच्या आसपास. आयएसओ ९२२३ या मानकातील सी-५ वर्गाच्या, म्हणजे अतिशय गंजकारक हवेत उघडे जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजू शकते. रंगामुळे ही झीज लांबते हे खरे. परंतु खालच्या बाजूला रंगाचा हात बहुधा पातळ असतो, आणि ती बाजू पावसाने धुतली जात नसल्याने खाऱ्या वाऱ्याचे मीठ तिथे साचून राहते. पावसाला आपण उगाच सगळा दोष देतो.

उरलेली कसर पत्रे बसवणारे कारागीर भरून काढतात. ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचा रंग आणि जस्त दोन्ही जळतात, शिवाय तापलेला लोखंडी कीस पत्र्यावर चिकटून पहिल्याच सरीत तांबडे ठिपके उठतात. ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त असा मुलामा समुद्राजवळ साधारणपणे अधिक टिकतो. मात्र ओल्या सिमेंटशी त्याचे जमत नाही, आणि आपले गवंडी कठड्यालगतची फट मालानेच भरतात.

एक टन पोलाद तयार होताना जगात सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारातला पत्रा वितळवून पुन्हा वापरता येतो, पण म्हणून तो सात वर्षांत भंगारात जावा असे नाही. झिजलेल्या जस्तापैकी बराच भाग पागोळ्यांबरोबर गटारात आणि तिथून खाडीत उतरतो. विरघळलेले जस्त जलचरांना अपायकारक असते.

पावसाळी शेडला परवानगी देताना महापालिकेने मुलाम्याचे ग्रॅम अर्जातच लिहून घ्यावेत आणि संस्थांनी उत्पादकाच्या चाचणी प्रमाणपत्राशिवाय बिल मंजूर करू नये. यंदा आम्ही तीन कंत्राटदारांना ही अट घातली. एकाने आकडा लिहून दिला, दुसऱ्याने चौकशी करून सांगतो म्हटले, आणि तिसऱ्याने रंगाचे कार्ड पुढे सरकवले.

– एक वाचक, वर्सोवा, मुंबई